थॉर्नबी लॉजचे टिपणीस

टिपणीस गेल्यानंतरच्या शनिवारी आमच्या मराठी मंडळाने ऑनलाइन शोकसभा ठेवली. शिकागोजवळच्या शॉमबर्गमधली नेहमीची मंडळी होती, त्यांच्या ऑफिसातले एक-दोन अमेरिकन होते, आणि फ्रीमाँटहून त्यांचा मुलगा निखिल होता, कॅमेरा बंद ठेवून. कुणीतरी ते म्हणणार हे मला माहीतच होतं, आणि म्हणालंच.

"टिपणीसकाका म्हणजे फणस हो. वरून काटेरी, आतून गोड."

पडद्यावरच्या सगळ्या चौकटींमधली डोकी हलली.

मी त्यांच्याबरोबर बरीच वर्षं काम केलं. मला त्यांच्या आत गरे कधी दिसले नाहीत. आत काहीतरी होतं, पण त्याला गोड म्हणणं ही टिपणिसांच्या दृष्टीने चुकीची नोंद झाली असती, आणि चुकीची नोंद करणाऱ्या माणसाला ते जिवंत सोडत नसत.

नोंदी हाच त्यांचा धंदा होता. अमेरिकेत जुनी इमारत पाडायची असो की जपायची, आधी कुणीतरी ती इंच-इंच मोजून, तिची चित्रं काढून, फोटो काढून कायमची नोंदवून ठेवतं. टिपणीस ते काम करणारे वास्तुतज्ज्ञ होते. "आडनावाला जागलात हो," असं मंडळात दरवर्षी कुणीतरी म्हणायचं, आणि दरवर्षी टिपणीस त्या माणसाकडे आपण याला पहिल्यांदाच पाहतोय अशा नजरेने बघायचे.

त्यांना काका म्हटलेलं चालत नसे. "मी तुझ्या वडिलांचा भाऊ आहे का?" सर म्हटलेलंही नाही. "मी शिकवत नाही, काम करतो." मग काय म्हणायचं? "नाव आहे की." त्यामुळे मी, त्यांच्यापेक्षा पंचवीसेक वर्षांनी लहान बाई, त्यांना नुसतं 'टिपणीस' म्हणायचे आणि पुढे 'तुम्ही' लावायचे. माझ्या सासूबाई हे ऐकून दरवेळी डोळे मिटून घ्यायच्या.

आमची ओळख मंडळाच्या गणपतीत झाली. शाळेच्या जिममध्ये आरती, आणि बाहेरच्या पॅसेजमध्ये सभासदांच्या कलाकृतींचं प्रदर्शन. मी तेव्हा डोहाळजेवणं आणि मुंजी शूट करायचे. हौस म्हणून इलिनॉयमधल्या जुन्या लाल कोठारांचे फोटो काढले होते, ते मांडले होते. एक उंच, हडकुळा म्हातारा, शर्टाचं गळ्याचं बटण लावलेला, हातात मोदकाची प्लेट घेऊन प्रत्येक फोटोसमोर उभा राहिला. शेवटी माझ्याकडे वळला.

"फोटो चांगले आहेत. इमारत कुठेय?"

मी बोट दाखवलं. "ही काय."

"हा सूर्यास्त आहे. इमारत याच्यामागे मेलीय." आणि मोदक संपवून ते निघून गेले.

मी बाथरूममध्ये जाऊन रडले. पुढच्या आठवड्यात त्यांचा फोन आला. "मोठ्या फिल्मचा कॅमेरा वापरता येतो का? येत नसेल तर शीक. काम आहे."

मी शिकले. पहिल्याच दिवशी एका जुन्या गिरणीचा जिना पाहून माझ्या तोंडून 'सुंदर' निघून गेलं. "सुंदर म्हणजे किती इंच?" त्यांनी विचारलं. तो शब्द मी त्यांच्यासमोर पुन्हा काढला नाही.

त्यांच्या कमरेला एक चामड्याची पिशवी असायची. तिच्यात टेप, टॉर्च आणि लाकडी मुठीचं एक लांब दाभण. कुठल्याही लाकडी भिंतीपाशी गेले की आधी दाभणाच्या मुठीने टकटक करायचे, कान लावायचे, आणि आवाज बसका आला की टोक आत खुपसायचे. चांगल्या लाकडात ते शिरत नाही. कुजलेल्यात लोण्यासारखं जातं. मालक शेजारी उभा असला तर दाभण तसंच रुतलेलं ठेवून त्याच्याकडे बघायचे. मी मालकांचे चेहरे पाहिलेत. डॉक्टरने एक्स-रे दिव्यासमोर धरावा आणि गप्प राहावं, तसं व्हायचं त्यांचं.

त्यांची बायको, सुनंदाकाकू, गेल्या तेव्हाची गोष्ट सांगायला हवी. टाउनहाउसच्या क्लबहाउसमध्ये लोक जमले होते. फोटोला हार, समोर पेढ्यांएवढी छोटी निरांजनं. एकेक जण उठून बोलत होता. काकू किती शांत, किती समाधानी, टिपणिसांच्या संसारात किती विरघळून गेलेल्या. निखिल पहिल्या खुर्चीवर बसून रडत होता. सगळ्यांचं झाल्यावर टिपणीस उठले. त्यांनी बोलावं असं कुणी सुचवलं नव्हतं.

"सुनंदा समाधानी नव्हती," ते म्हणाले. "तिला नागपूरला परत जायचं होतं. दरवर्षी म्हणायची. मी नेलं नाही. शेवटी शेवटी ती माझ्याशी जेवणापुरतं बोलायची. शांत म्हणताय ते हे. नोंद असलेली बरी."

आणि खाली बसले.

निखिल उठला. "बाबा, व्हाय? आजच्या दिवशी?"

"मग कुठल्या दिवशी?"

निखिल न जेवता एअरपोर्टला गेला. त्यानंतर तो शॉमबर्गला आला तो टिपणिसांचं घर रिकामं करायलाच. त्या दुपारी घरी परतताना माझा नवरा गाडीत म्हणाला, "केवढा क्रूर माणूस आहे यार." मला ते पटलं. पण मी दिवसभर दुसऱ्याच गोष्टीचा विचार करत होते. इतक्या सगळ्या बोलण्यात काकूंना काय हवं होतं हे सांगणारे टिपणीस एकटेच होते, आणि ते त्यांनी काकूंना दिलंही नव्हतं.

थॉर्नबी लॉजचं काम त्यानंतरच्या उन्हाळ्यात आलं.

'लॉजवर कामाला जातेय' असं मी फोनवर सांगितलं तेव्हा माझ्या आईने "लॉजवर?" असं दोनदा विचारलं. तिच्या डोळ्यांसमोर एसटी स्टँडसमोरचं बोर्डिंग-लॉजिंग आलं असणार. हे लॉज वेगळं. उत्तर विस्कॉन्सिनमध्ये, पाइनच्या जंगलात, काळ्या पाण्याच्या एका तळ्याकाठी ओंडक्यांचं मोठं घर. त्यात जेवणाचा हॉल, तळ्यातल्या गोट्यांची माणसाच्या उंचीची शेकोटी, समोर तळ्याकडे तोंड केलेला लांबलचक व्हरांडा, आणि झाडांमध्ये विखुरलेली छोटी लाकडी घरं. पिढ्यान्‌पिढ्या तीच कुटुंबं उन्हाळ्यात येऊन राहायची. शिकागोहून यायची, मिलवॉकीहून यायची, मुलं पोहायला शिकायची, म्हातारे मासे पकडायचे.

मालकीण डॉरथी थॉर्नबी. ऐंशी ओलांडलेली, पुरुषी चौकड्यांचा शर्ट, कानात यंत्र. लग्न केलं नव्हतं. जन्म त्या घरात, आणि मरणही तिथेच यावं एवढीच इच्छा. पण निम्मा हिस्सा तिच्या पुतण्याचा, क्रेगचा होता आणि क्रेगला ती जागा एका बिल्डरला विकायची होती. बिल्डर सगळं पाडून तळ्याकाठी फ्लॅट बांधणार होता. तिथली एक वारसा संस्था लॉज विकत घ्यायला तयार होती, मात्र ते खरोखरच जपण्यासारखं आहे असं तज्ज्ञाने सांगितलं तरच. डॉरथीनेच तो तज्ज्ञ बोलवायचा आग्रह धरला. म्हणजे टिपणिसांना तिनेच घरात घेतलं.

तिने आम्हाला पहिल्या दिवशी शेकोटीवर टांगलेली कुऱ्हाड दाखवली. तिचे आजोबा, एझ्रा थॉर्नबी, शिकागोहून एकटे या जंगलात आले आणि एका हिवाळ्यात, या कुऱ्हाडीने, स्वतःच्या हाताने त्यांनी हे घर उभं केलं. येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला ही कथा सांगितली जायची. मुलं त्या कुऱ्हाडीखाली उभी राहून फोटो काढायची.

टिपणिसांनी मान वर करून कुऱ्हाड पाहिली. "ही सरपण फोडायची आहे. हिने घर बांधत नाहीत."

डॉरथी खळखळून हसली. तिला तो विनोद वाटला.

तिला टिपणीस आवडायला लागले होते, हे खोटं नाही. त्यांचं नाव तिला म्हणता येत नसे. ती त्यांना 'मिस्टर टिप्स' म्हणायची. ते दरवेळी 'टिपणीस' म्हणून दुरुस्त करायचे, ती दरवेळी विसरायची. दुपारी ती स्वतः केलेला चेरीचा 'पाय', म्हणजे पिठाच्या थरात फळं भरून भाजलेला गोड पदार्थ, घेऊन यायची. पहिल्या दिवशी मी दोन तुकडे खाल्ले आणि फार छान म्हटलं. टिपणीस म्हणाले, "खालचा थर कच्चा आहे." डॉरथीने कमरेवर हात ठेवले. "गेली कित्येक वर्षं मला हे कुणी सांगितलं नाही. सगळे खातात आणि खोटं बोलतात." दुसऱ्या दिवशी थर खरपूस भाजलेला होता. टिपणिसांनी सगळा खाल्ला. शुक्रवारी तिने गावातल्या बारमध्ये तळलेले मासे खायला नेलं. मूळच्या ठाण्याच्या त्या मासेखाऊ माणसाने एक घास घेऊन ताट सरकवलं. "हा मासा दोनदा मारलाय. एकदा तळ्यात, एकदा तेलात." ती टेबलावर हात आपटून हसली. तिला वाटलं, आयुष्याच्या शेवटी का होईना, एक खरं बोलणारा माणूस भेटला. तिचं चुकलं नव्हतं.

लॉजच्या मागे एक काळवंडलेली खोली होती. थॉर्नबी कुटुंब तिला धुरी म्हणायचं, तिथे मांस धुरवत अशी समजूत. टिपणीस आत वाकून गेले, आणि बाहेर आले ते कोपरापर्यंत काजळी घेऊन. "मांसाचे हूक कुठेही नाहीत. भिंतीला चढत्या बाकांच्या खुणा आहेत, कोपऱ्यात दगडांची चूल आहे. हे न्हाणीघर आहे. फिनलंडहून आलेल्या फिनिश लोकांचं, वाफेचं."

डॉरथी म्हणाली, आजोबांना वाफेचं काही माहीत नव्हतं.

"नसणारच," टिपणीस म्हणाले.

मग त्यांनी जेवणाच्या हॉलच्या एका कोपऱ्यातल्या फळ्या काढायला परवानगी मागितली. तिने दिली. फळ्या निघाल्या आणि मागची मूळ भिंत दिसली. बाहेरचा व्हरांडा सालीसकट गोल ओंडक्यांचा होता. खाचा ओबडधोबड, फटींत सिमेंट थापलेलं. इथे आत, चौकोनी तासलेले ओंडके एकावर एक असे बसवलेले की मध्ये पोस्टकार्ड शिरणार नाही. कोपऱ्यात त्यांची टोकं पारव्याच्या शेपटीसारखी कापून एकात एक अडकवलेली. खिळा नाही, चुना नाही. टिपणिसांनी कोपऱ्यावर टकटक केलं आणि दाभण टेकवलं. टोक रेसभरही आत गेलं नाही. मग त्यांनी दाभण पिशवीत ठेवलं आणि तळहात तिथे ठेवून उभे राहिले. त्यांचे कान लाल झाले होते. "मोठा कॅमेरा आण," एवढंच म्हणाले.

गोष्ट उघड होती. एझ्रा थॉर्नबी इथे येण्याआधी कुणी फिनिश सुतार इथे राहत होते. घर त्यांचं, न्हाणीघर त्यांचं. एझ्राने ते कसंतरी मिळवलं, भिंतींवर फळ्या ठोकल्या आणि पुढे व्हरांडा जोडला. तेवढाच त्याच्या हातचा. आणि त्या व्हरांड्याचं छप्पर उलट्या उताराचं होतं. इतकी वर्षं त्यावरचं पाणी आणि बर्फ त्या जुन्या भिंतीच्या पायथ्याशी जात होतं. खालचे ओंडके कुजायला सुरुवात झाली होती. व्हरांडा राहिला असता तर भिंत गेली असती.

संस्थेची संचालक लॉरा फोनवर खूश झाली. थॉर्नबींचं लॉज म्हणून त्याला काही महत्त्व नव्हतं. तशी उन्हाळी लॉजं तळ्यातळ्याकाठी आहेत. पण असं फिनिश काम दुर्मीळ. आता लॉज वाचणार होतं. मग तिचा आवाज उतरला. डॉरथीचं काय? अहवालात 'परंपरा असे सांगते की' अशी काहीतरी शब्दरचना करता येईल का?

"येईल की," टिपणीस म्हणाले. "परंपरा असे सांगते, आणि परंपरा खोटे सांगते. लिहू?"

मी त्यांना त्या संध्याकाळी तळ्याकाठी गाठलं. म्हटलं, अहवाल लिहा, पण डॉरथीला ते लॉराच्या तोंडून कळू द्या. ती हळू सांगेल. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "हळू सांगितलं म्हणजे कमी खरं होतं का?"

सप्टेंबरमध्ये सीझन संपतो तेव्हा लॉजवर रविवारचं मोठं जेवण असायचं. त्या वर्षी जुनी कुटुंबं मुद्दाम आली होती. हे शेवटचं असेल अशी कुणकुण होती. जेवणाच्या हॉलमध्ये लांब टेबलं, भाजलेली टर्की, मक्याची कणसं. काढलेल्या फळ्यांच्या जागी डॉरथीने एक गोधडी टांगली होती. ती ग्लास घेऊन उभी राहिली, कुऱ्हाडीची कथा तिने पुन्हा सांगितली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मग तिने आमच्याकडे हात केला.

"हे मिस्टर टिप्स. यांनी सगळा उन्हाळा हे घर मोजलं. सांगा यांना, माझ्या आजोबांनी किती पक्कं बांधलंय."

मी टेबलाखालून टिपणिसांची बाही ओढली. ते उभे राहिले.

"तुमच्या आजोबांनी व्हरांडा बांधला," ते म्हणाले. "तो कुजलाय. बाकीचं घर त्यांच्या आधीचं आहे, फिनिश सुतारांचं. ते उत्तम आहे. ते वाचवायचं असेल तर व्हरांडा काढावा लागेल."

कुणीतरी अर्धवट हसलं आणि थांबलं. डॉरथीच्या हातातला ग्लास तसाच वर होता.

"माझ्या आजोबांनी कुणाकडून काही घेतलं नाही. इथे फक्त जंगल होतं."

"जंगलाला सुतारकाम येत नाही."

एक लहान मुलगी मोठ्याने विचारत होती, मग कुऱ्हाड कुणाची, आणि तिची आई तिला गप्प करत होती. डॉरथीने ग्लास टेबलावर ठेवला. सांडू न देता. मग ती म्हणाली, अगदी स्पष्ट, प्रत्येक अक्षर जागच्या जागी:

"आपलं जेवण झालं असेल तर आपण उठू शकता, मिस्टर टिपणीस."

ते उठले. मीही उठले. मका माझ्या ताटात तसाच राहिला.

परतीच्या हायवेवर मी म्हटलं, "आजच, सगळ्यांसमोर सांगायलाच हवं होतं?"

"तिने विचारलं."

"तिला उत्तर नको होतं हो."

"मग विचारू नये."

अहवाल गेला. संस्थेने लॉज घेतलं, क्रेगला त्याचे पैसे मिळाले, बिल्डर दुसऱ्या तळ्याकडे वळला. वसंतात व्हरांडा काढायचा ठरलं. तोवर डॉरथीला तिथे राहायची मुभा होती.

जानेवारीत टिपणीस मला म्हणाले, चल, वर जायचंय. संस्थेने काही मागितलं नव्हतं. तळं गोठून पांढरं झालेलं, वारा असा की पापण्या चिकटाव्यात. त्यांना व्हरांडा काढून घ्यायचा होता, म्हणजे कागदावर. एझ्रा थॉर्नबीची एकेक वाकडी खाच, एकेक चुकलेला ओंडका, जिथे कुऱ्हाड निसटली तिथला घाव. मोजे घालून पेन्सिल धरता येईना म्हणून त्यांनी उजव्या हाताचा मोजा काढला. बोटं निळी पडली, मग पांढरी. मी थर्मासचा चहा पुढे केला तर म्हणाले, "तो खांब धर." आतल्या उत्तम भिंतीला त्यांनी इतका वेळ दिला नव्हता. डॉरथी आतून खिडकीतून बघत होती. दार तिने उघडलं नाही. आम्ही निघेपर्यंत शेकोटीचा धूर येत होता.

गाडीत हीटरसमोर त्यांचा हात धरून ठेवावा लागला. मी विचारलं, जे पाडायचंच आहे त्याच्यासाठी हे कशाला?

"भिंत राहणारे. ती कुणालाही बघायला मिळेल. हे नाही मिळणार."

मी मनात म्हटलं, आता तरी हे तिला सांगा. पण ते झोपले होते. त्यांतल्या दोन बोटांची जाणीव पुन्हा आली नाही.

मे महिन्यात सुतार आले तेव्हा डॉरथी व्हरांड्यातल्या तिच्या खुर्चीत बसली होती आणि उठत नव्हती. लॉराने विनवलं, क्रेगने फोनवरून ओरडून पाहिलं. सुतार ट्रकला टेकून उभे राहिले. शेवटी टिपणिसांना बोलावलं.

ते तिच्याजवळ गेले. तिने तळ्याकडे तोंड ठेवलं.

"हा खांब चांगला आहे," ती म्हणाली. "मी जन्मापासून याला टेकतेय."

टिपणिसांनी पिशवीतून दाभण काढलं आणि मूठ तिच्यापुढे केली. "तुम्हीच बघा."

"टिपणीस, नको," मी म्हणाले.

डॉरथीने दाभण घेतलं. बसल्या जागेवरून तिने ते खांबाला लावलं आणि ढकललं. तिच्या अंगात फारशी ताकद नव्हती. ते मुठीपर्यंत आत गेलं.

"फोटो घे," टिपणीस मला म्हणाले.

"मी नाही घेणार."

त्यांनी स्वतःच्या फोनवर घेतला. कोपऱ्यात त्यांचा अंगठा आलाय, चित्र थोडं हललंय. तो फोटो आज थॉर्नबी लॉजच्या नोंदींत आहे. सुरकुतलेला हात, चौकड्यांची बाही, मुठीपर्यंत रुतलेलं दाभण. खाली त्यांनी लिहिलंय: व्हरांड्याचा पश्चिमेकडचा खांब, कुजलेला. हात डॉरथी थॉर्नबी यांचा. या घरात जन्म, शेवटच्या रहिवासी. शेकडो पानांच्या त्या कामात तिचं नाव तिथे एकदाच येतं. तो फोटो घेतला नसता तर तेवढंही आलं नसतं, आणि तरीही तो घ्यायला नको होता, या दोन्ही गोष्टी मला खऱ्या वाटतात.

डॉरथीने दाभण बाहेर ओढायचा प्रयत्न केला, ते निघेना. मग ते तसंच सोडून ती उठली, आधार न घेता पायऱ्या उतरली आणि गाडीत बसली. दुपारपर्यंत व्हरांडा गवतावर पडला होता. तिला क्रेगने तासाभरावरच्या गावात, वृद्धांच्या निवासात ठेवलं.

पुढच्या वर्षीच्या जुलैत लॉज लोकांसाठी उघडलं. आजूबाजूच्या गावांतली फिनिश वंशाची माणसं आली होती. त्यांच्यातल्या कुणाला हे घर असल्याचं माहीतही नव्हतं. एक म्हातारी बाई त्या कोपऱ्याला हात लावून रडायला लागली. तिचे पणजोबा याच भागात सुतार होते, त्यांच्या हातचं काही उरलेलं नाही असंच तिला आयुष्यभर सांगितलं गेलं होतं. टिपणीस तिच्याजवळ गेले. मला वाटलं, आता काहीतरी बोलतील. "हात पुसून लावा," ते म्हणाले. "घामाने लाकूड काळं पडतं." तिने रुमाल काढून आज्ञाधारकपणे हात पुसले आणि पुन्हा लावले.

लॉराने डॉरथीलाही आणवलं होतं. चाकांच्या खुर्चीत, अंगावर कुणाचा तरी फुलाफुलांचा स्वेटर. ती फार बारीक झाली होती. हॉलमध्ये एका भिंतीवर टिपणिसांनी काढलेलं व्हरांड्याचं चित्र लावलं होतं. परिचारिकेने खुर्ची तिथे थांबवली. टिपणीस शेजारी येऊन उभे राहिले. वर्षभरात तेही वाकले होते.

तिने चित्राकडे बराच वेळ पाहिलं. "तुम्ही वाकडं काढलंय."

"ते वाकडंच होतं."

"आम्हाला नव्हतं," डॉरथी म्हणाली.

टिपणिसांनी पुन्हा चित्राकडे पाहिलं.

नंतर भाषणं सुरू झाली. डॉरथीने बाहेर न्यायला सांगितलं. घरासमोर, जिथे व्हरांडा होता तिथे नवं गवत लावलं होतं. परिचारिका खुर्ची तिथे ठेवून पाणी आणायला गेली. दुपार कलली होती, आणि तिथे आता काहीच नव्हतं. ऊन सरळ तिच्या तोंडावर येत होतं. तिने डोळ्यांवर हात धरला. मग तो तिने मांडीवर ठेवला.

मी दारातून पाहत होते. टिपणीस माझ्या बाजूने बाहेर गेले. खुर्चीच्या पुढे जाऊन, पाठ तळ्याकडे करून, त्यांची सावली तिच्या चेहऱ्यावर पडेल असे उभे राहिले. उंच माणूस होता तो, सावली पुरली. तिथेच हात मागे बांधून, ताठ, न हलता, ते उभे राहिले. आतून टाळ्यांचा आवाज आला.

डॉरथीने मान वर केली.

"बाजूला व्हा," ती म्हणाली. "तळं दिसत नाहीये."

ते एक पाऊल बाजूला झाले.